विभावरीची युद्धकाळातली दुबई

विभावरी ओगले दुबईत झाडं करायची. खरी नव्हेत, तारेची आणि स्पंजची, बोटाच्या पेराएवढी. अल कूज भागातल्या एका वर्कशॉपमध्ये इमारतींची मॉडेल्स बनायची. बिल्डर लोक ती काचेच्या पेटीत ठेवून फ्लॅट विकायचे. टॉवर कापायला मशीन होतं, पण टॉवरच्या पायथ्याची बाग, तलाव, त्यातलं पाणी आणि बाकावर बसलेली माणसं हाताने करावी लागत, आणि ते काम विभावरीचं. पुण्याला कमर्शियल आर्ट शिकलेली, लग्नानंतर नवऱ्याबरोबर इथे आलेली. त्या वर्कशॉपमध्ये एवढी एकच बाई होती. सगळे तिला ‘मॅडम ट्री’ म्हणायचे.

बर दुबई भागात आम्ही एकाच बिल्डिंगमध्ये राहायचो. ती तिसऱ्या मजल्यावर, मी पाचव्या. मी मीना बझारमधल्या एका ट्रॅव्हल ऑफिसात काम करते, त्यामुळे २००९च्या मंदीत काय चाललं होतं ते मला तिकिटांवरून कळायचं. सगळी तिकिटं एका बाजूची. यायची नाहीत, फक्त जायची. आमच्या बिल्डिंगमध्ये दर आठवड्याला कुणाचा तरी निरोपसमारंभ असायचा. जाणारे लोक आपापल्या कुंड्या, इस्त्रीचं टेबल, मुलांच्या सायकली आम्हा उरलेल्यांना देऊन जायचे. माझ्या बाल्कनीत तीन तुळशी झाल्या होत्या.

विभावरीचं वर्कशॉप त्याच उन्हाळ्यात बंद झालं. एका सकाळी ती कामाला गेली आणि तासाभराने परत आली. माझ्याकडे चहा प्यायला बसली, तेव्हा तिने एवढंच सांगितलं की, मॉडेल्स बाहेरच्या कचऱ्याच्या कंटेनरमध्ये टाकली, उलटी.

“उलटी?” मी विचारलं.

“हो ना. खालून लाकडाची फळी दिसत होती नुसती. पाच वर्षांचं काम गं. आणि त्यातली अर्धी बिल्डिंग्ज तर बांधलीच नाहीत कुणी.”

तिचा नवरा चारुदत्त अबुधाबीत तेल कंपनीत होता, त्याची नोकरी टिकली. म्हणून ते राहिले. पण विभावरीचे हात मोकळे झाले आणि ते तिला सोसेना. मुलीच्या, अवनीच्या शाळेचे प्रोजेक्ट ती इतके सुरेख करायला लागली की शाळेतून चिठ्ठी आली, कृपया मुलीला स्वतः करू द्या. मग तिने बिल्डिंगमधल्या मुलांचा शुक्रवारचा क्लास काढला. पुठ्ठ्याची घरं, कागदाची फुलं. मुलं खूश होती. ती मात्र क्लास संपला की गोंदाच्या बाटल्यांची झाकणं लावत नुसती बसून राहायची.

दीडेक वर्ष असंच गेलं. २०११च्या जानेवारीतल्या एका शनिवारी मीच तिला म्हटलं, “चल गं, त्या क्रीकवरच्या जुन्या घरात एक प्रदर्शन लागलंय. दोन महायुद्धांच्या काळातली दुबई. तिकीट नाही.”

“महायुद्धात दुबईत काय झालं?” ती म्हणाली. “इथे तर बॉम्बही पडला नाही.”

खरं तर मलाही माहीत नव्हतं. आमच्या डोक्यात दुबई म्हणजे आपण आलो तेव्हापासूनची. पण हवा गार होती, क्रीकवरून, म्हणजे खाडीवरून, वारा येत होता, आणि अवनी चारुदत्तजवळ कार्टून बघत बसली होती. म्हणून आम्ही दोघी गेलो.

घर जुन्या व्यापाऱ्याचं, मधे चौक, चारी बाजूंना खोल्या. पहिल्या खोलीत पहिलं महायुद्ध होतं. मोती मोजायच्या पितळी चाळण्या, बारीक जाळीपासून मोठ्या जाळीपर्यंत. पॅरिसमध्ये मोती विकत घेणारेच राहिले नाहीत, त्यामुळे इथल्या समुद्रात बुडी मारून मोती काढणाऱ्यांचे हंगाम वाया गेले, असं भिंतीवर लिहिलं होतं. विभावरी त्या चाळण्यांपुढे बराच वेळ उभी राहिली.

“तिकडे कुठेतरी लढाई, आणि इथे काम बंद,” ती म्हणाली.

दुसऱ्या खोलीत दुसरं महायुद्ध. भुकेची वर्षं. जहाजं येईनाशी झाली, तांदूळ-साखर-चहा मापून मिळू लागला, लोक टोळ भाजून खात होते. एका फोटोत क्रीकच्या पाण्यावर विमान उतरलेलं होतं, होडीसारखं. बाकी बहुतेक फोटो विमानातूनच काढलेले, वरून. खाली राखाडी ठिपके. ती घरं होती.

त्या फोटोंपुढे बाकावर एक म्हातारी बाई बसली होती. काळा पायघोळ अबाया, चेहऱ्यावर जुन्या पद्धतीचा, मुखवट्यासारखा सोनेरी बुरखा, हातात काठी. तिच्याबरोबर आलेला नातू मोबाईलवर बोलत बाहेर गेला होता. म्हातारी काठीने फोटोकडे दाखवत एका तरुण मुलीला अरबीत काहीतरी रागारागाने सांगत होती. ती मुलगी प्रदर्शनाची व्यवस्थापक, हेसा नावाची. ती “हो आजी, हो आजी” अशा सुरात मान हलवत होती.

मग म्हातारीचं लक्ष आमच्याकडे गेलं. आमच्या कुर्त्यांकडे बघून तिने एकदम हिंदीत सुरू केलं.

“तुम हिंदी जानता है? इसको बोलो, मेरा घर इसमें दिखता नहीं! सब ऊपर से निकाला. ऊपर से कौन देखता था हमको? अंग्रेज देखता था.”

आम्ही दोघी थक्कच झालो. तिचं नाव उम्म राशिद. लग्नानंतर बरीच वर्षं ती मुंबईत राहिली होती, नवऱ्याचा खजुराचा व्यापार होता. हिंदी तिला पक्की येत होती, फक्त क्रियापदं सगळी पुल्लिंगी. आम्ही महाराष्ट्राच्या आहोत म्हटल्यावर तिने बुरख्याआडून हसत एक मराठी वाक्यही म्हणून दाखवलं. तिच्या घरी भांडी घासायला येणारी बाई रोज जाताना म्हणायची ते.

“उद्या येनार नाय!”

आम्ही एवढ्या हसलो की हेसाही काही न कळता हसायला लागली.

विभावरी बाकावर तिच्या शेजारी बसली. “घर कैसा था आपका?” तिने विचारलं.

“खजूर के पत्ते का. अरीश. पीछे दीवार, इधर दरवाजा, इधर पानी का मटका.”

विभावरीने पर्समधून प्रदर्शनाचं माहितीपत्रक काढलं, दुमडलं, फाडलं. दोन मिनिटांत एक उतरत्या छपराचं इवलं घर बाकावर उभं राहिलं. उम्म राशिदने काठी बाजूला ठेवली. बोटाने ते घर थोडं फिरवलं.

“दरवाजा समुद्र की तरफ नहीं. हवा आता था, रेती आता था. इस तरफ.”

विभावरीने दार बुजवलं, दुसऱ्या बाजूला काढलं. मग शेजारचं घर. मग त्याच्या मागचं. मीही माझं माहितीपत्रक दिलं. हेसाने काउंटरवरून गठ्ठाच आणून ठेवला. बाकावर गल्ली झाली, गल्ली वळली, आणि बाक संपल्यावर आम्ही चौघी जमिनीवर बसलो. खरंच, ती पंच्याहत्तरी ओलांडलेली बाईसुद्धा. नातू परत आला तो दारातच उभा राहिला.

निघताना हेसाने विभावरीचा नंबर घेतला. आठवड्याने फोन आला. पुढच्या हिवाळ्यात हेच प्रदर्शन मोठं करून मांडायचं होतं. मधल्या चौकात त्या काळातल्या वस्तीचं मॉडेल हवं होतं. मिस विभा करतील का?

विभावरीने मला जिन्यातच गाठलं. “अर्चना, मला कुणी तरी झाडं सोडून काहीतरी करायला सांगितलंय.”

ते वर्षभर ओगल्यांच्या घरात हॉल उरलाच नाही. जेवणाच्या टेबलावर प्लायवूड, त्यावर वस्ती. चारुदत्त अबुधाबीहून दमून यायचा आणि स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभ्याने जेवायचा. पण त्याने कुरकूर केली नाही. उलट ऑफिसातल्या कुणाला काय करतोस वीकेंडला असं विचारलं की सांगायचा, “गाव वसवतोय.”

खजुराच्या झावळ्यांच्या भिंती कशाच्या करायच्या हा पहिला प्रश्न. विभावरीने काय काय आणून बघितलं. शेवटी किराण्याच्या दुकानात मिळणारा आपला खराटा उपयोगी आला. त्याचे हीर उभे चिरून, दोऱ्याने एकाला एक बांधून तिने भिंती विणल्या. दगडी घरांच्या गिलाव्यासाठी तिने आधी रवा आणि गोंद वापरला. दिसायला झकास झालं. चौथ्या दिवशी मुंग्यांची रांग लागली.

“घरात उपमा नाही आणि व्यापाऱ्याच्या वाड्याला रवा,” चारुदत्त म्हणाला.

मग क्रीकच्या काठावरची वाळू आणून, धुऊन, चहाच्या गाळणीने चाळून घेतली. मीच नेऊन दिली एक पिशवी. पोलिसांनी विचारलं असतं तर काय सांगायचं या भीतीने मी ती भाजीखाली लपवली होती.

उम्म राशिद महिन्यातून एकदा-दोनदा यायची. नातू खाली गाडीत बसायचा. ती लिफ्टने वर यायची, चप्पल काढून खुर्चीवर बसायची आणि टेबलावरच्या गावात शिरायची. प्रत्येक घर कुणाचं ते तिला ठाऊक होतं. कुणाची शेळी, कुणाची भांडणं, कुणाची मुलगी कुठे दिली. क्रीकचं पाणी विभावरीने पहिल्यांदा जुन्या सवयीने निळंहिरवं केलं होतं, ब्रोशरमध्ये असतं तसं.

“ये क्या स्विमिंग पूल है?” उम्म राशिदने विचारलं.

तो सगळा थर खरवडून काढायला लागला. नवीन पाणी तिने पुन्हा पुन्हा रंग मिसळून केलं, मातकट, मधेच हिरवट. चार वेळा वाकून बघितल्यावर उम्म राशिद म्हणाली, “हां. ये गीला है.”

मग माणसांची पाळी आली.

टॉवरच्या मॉडेलमधली माणसं सोपी असतात. पांढरी, तब्येतीने बरी, कुठेतरी निवांत चाललेली. भुकेच्या वर्षातलं माणूस पेराएवढ्या आकारात कसं करायचं ते विभावरीला कुणी शिकवलं नव्हतं. ती वाचत बसली. तिने मला सांगितलं की रात्री डोळे मिटले की तीच माणसं दिसतात. तिने त्यांचे खांदे पाडले, माना खाली घातल्या. रस्ते रिकामे ठेवले. उम्म राशिदच्या घराच्या दारात तिची आई बसवली, गुडघ्यात डोकं घालून, आणि शेजारी रिकामा पाळणा. उम्म राशिदचा एक तान्हा भाऊ त्या वर्षांत गेला होता. तिने ते एकदाच, चहा पिता पिता सांगितलं होतं.

सप्टेंबर असेल तो. मीही त्या दिवशी तिथेच होते. उम्म राशिद आली, बसली, आणि एकेका माणसाकडे वाकून बघत राहिली. आम्हाला वाटलं, तिला भरून आलंय. विभावरीने पाण्याचा पेला पुढे केला.

तिने तो घेतला नाही. “ये कौन है?” दारातल्या बाईकडे बोट करून तिने विचारलं.

“आपकी मदर.”

“नहीं. ये मेरा माँ नहीं.” तिचा आवाज चढला. “मेरा माँ ऐसे कभी नहीं बैठा. एक दिन नहीं बैठा. बच्चा मर गया, दूसरे दिन वो पानी लाने गया. हम पाँच था और. कौन पानी लाता?”

विभावरीने पेला खाली ठेवला.

“हम भूखा था बेटी. बहुत भूखा था. मगर हम बेचारा नहीं था. तुमने सबको बेचारा बना दिया.”

विभावरीचा चेहरा पडला होता. मला मधे पडावंसं वाटलं. इतक्या महिन्यांची मेहनत समोर मांडलेली, आणि जिच्यासाठी केली तीच नको म्हणतेय.

शेवटी विभावरी खाली जमिनीवर, तिच्या खुर्चीपाशी बसली. “तो फिर बताइए ना,” ती म्हणाली. “पेट में कुछ नहीं था, तो सारा दिन क्या करते थे?”

आणि उम्म राशिद सांगायला लागली. विमान यायच्या दिवशी आई सगळ्या पोरांना क्रीकवर पिटाळायची. तेवढा वेळ पोटाची आठवण नको म्हणून. विमान पाण्यावर उतरताना इतका फेस उडायचा की पोरं किंचाळत मागे पळायची आणि पुन्हा पुढे. मुली घराच्या सावलीत एकमेकींच्या वेण्या घालायच्या. टोळांची धाड आली की सगळी वस्ती पोती घेऊन धावायची, त्या दिवशी सण. शेजारचा आंधळा म्हातारा संध्याकाळी मुंबईच्या गोष्टी सांगायचा. तो मुंबईला कधीच गेला नव्हता, सगळं बनवून सांगायचा.

“और आप मानते थे?”

“हम क्या, सब मानता था! बाद में मैं बंबई गया तो उसको बहुत गाली दिया.”

उम्म राशिद हसली. विभावरीही हसली, पण तिच्या डोळ्यांत पाणी होतं. म्हातारीने तिच्या डोक्यावर हात ठेवला. “यल्ला, चलो,” ती म्हणाली, “अब चाय दो.”

त्यानंतर विभावरीने सगळी माणसं काढून टाकली आणि पहिल्यापासून केली. बारीकच, काटकुळीच, पण उभी. काठावर पोरांचा घोळका, हात वर केलेला. पोती घेऊन पळणारी माणसं. भिंतीशी टेकलेला गोष्टीवेल्हाळ म्हातारा आणि त्याच्याभोवती बसलेले लोक. उम्म राशिदची आई डोक्यावर घडा घेऊन चाललेली, मागे न बघता. पाळण्याचं काय करायचं ते तिने विचारून घेतलं. उम्म राशिद म्हणाली, घराच्या आत ठेव, बाहेरून दिसणार नाही असा. विभावरीने तसा ठेवला आणि वरून छप्पर बसवलं. तो आत आहे हे माहीत असलेले आम्ही मोजकेच.

प्रदर्शन पुन्हा उघडलं ते डिसेंबरात. चारुदत्तने सूट घातला होता. अवनी मॉडेलच्या भोवती दोन फेऱ्या मारून आली आणि म्हणाली, “मम्मा, दे आर ऑल डुइंग समथिंग!” तिच्या शाळेतल्या कुठल्याही प्रोजेक्टला तिने एवढी दाद दिली नव्हती.

जुन्या वस्तीतली म्हातारी माणसं बोलावली होती. ती व्हीलचेअरवर, काठ्या टेकत, मुलांच्या खांद्यावर हात ठेवून आली. मग पांढऱ्या दाढीचे एक गृहस्थ वाकून बघत म्हणाले की विहीर चुकलीय. विहीर मशिदीच्या पलीकडे होती.

“अलीकडे,” उम्म राशिद अरबीत कडाडली. हेसा आम्हाला हळू आवाजात सांगत होती.

“पलीकडे. मी रोज पाणी भरायचो.”

“तू? तू भरायचास पाणी? तुझी बहीण भरायची आणि तू झाडावर बसायचास!”

सगळा चौक हसायला लागला. ते गृहस्थही. मग दुसऱ्या कुणीतरी तिसरी जागा सांगितली. एका बाईने आपलं घर ओळखलं आणि आपल्या नातवंडांना खाली बसवून दारातून आत बघायला लावलं. कुणी विमानाचा आवाज काढून दाखवला. हेसाला घाम फुटला होता, पाहुण्यांच्या भाषणांची वेळ उलटून गेली होती, आणि कुणी मॉडेलपासून हलत नव्हतं.

“विहीर हलवायची का?” तिने विभावरीला विचारलं.

“राहू दे,” विभावरी म्हणाली. “भांडू देत.”

चारुदत्त मला बाजूला घेऊन म्हणाला, “एवढ्या वर्षांत तिच्या कुठल्या मॉडेलसमोर कुणी घर शोधलं नव्हतं हो. सगळे किंमत विचारायचे.”

नंतर विभावरीने शारजात, रोल्ला बाजाराच्या मागच्या गल्लीत एक लहानसा गाळा घेतला. आता तिच्याकडे दोघी जणी कामाला आहेत, रत्नागिरीची सुमैय्या आणि केरळची एक मुलगी. मोठाले टॉवर परत उभे राहायला लागले तेव्हा जुन्या बिल्डर लोकांचे फोन आले. ती वर्षातून एखादं काम घेते, झाडं अजूनही तिच्यासारखी कुणी करत नाही. पण तिचा जास्त वेळ संग्रहालयांच्या आणि शाळांच्या कामात जातो. जुने बाजार, होड्या बांधायच्या जागा, डोंगरातली खेडी. काम हातात घेतलं की आधी ती तिथल्या म्हाताऱ्या माणसांकडे जाऊन बसते. तिची अरबी आता माझ्यापेक्षा कितीतरी चांगली आहे. क्रियापदं मात्र सगळी पुल्लिंगी वापरते, असं हेसा सांगते.

उम्म राशिद अजून आहे. पाय थकलेत, पण जीभ नाही. दर ईदला आम्ही दोघी तिच्याकडे जातो. ती विभावरीच्या ताटात जबरदस्तीने वाढते, वाढतच जाते, आणि विभावरी नको म्हणाली की तिच्या सुनांना हाका मारून सांगते, “देखो, ये औरत मेरे घर में भूखा बैठता है!” मग विभावरी निमूटपणे दुसऱ्यांदा भात घेते.